पणजीचा बिब्बा आणि बाळाचं दुपटं

पत्र: आमची लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. बाळ बारा दिवसांचं आहे. माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या, मूळच्या अमरावतीकडच्या, लग्न होऊन इंदुरात आल्या. पणती झाल्याच्या आनंदात त्यांनी सियागंजच्या बाजारातून पाव किलो बिब्बे मागवून घेतले. डिंकाच्या लाडवांत घालायला गोडंबी, म्हणजे बिब्ब्याच्या आतला गर, हवी म्हणून मी अडकित्त्याने दहा-पंधरा बिब्बे फोडले. त्या दिवशी काही झालं नाही. दोन दिवसांनी बोटांच्या बेचक्यांत फोड आले आणि काल सकाळी एक डोळा सुजून बंद झाला. सासूबाई म्हणतात, ‘बिब्बा उतला, खोबरेल लाव, जाईल.’ त्यांना बाळाच्या दुपट्यावर बिब्ब्याची फुली काढायची आहे, लेकीला दुधातून बिब्बा द्यायचा आहे आणि स्वतःच्या गुडघ्यांवरही सुई तापवून बिब्ब्याचे ठिपके द्यायचे आहेत. त्यांना वीस वर्षांपासून मधुमेह आहे. ‘आम्ही जन्मभर केलं, आम्हाला काही झालं नाही,’ यापुढे माझं काही चालत नाही. लाडू टाकून द्यायचे का? त्यांना नाही कसं म्हणायचं? — एक वाचक, सुदामानगर, इंदूर

ताई,

आधी दुपट्याचं बोलू. बिब्ब्याची फुली काढलेलं कापड बाळाच्या अंगाला लागता कामा नये. फुली काढून झाली असेल तर ते दुपटं धुऊन वापरण्याचा विचारही करू नका, सरळ टाकून द्या. बिब्ब्याचा डाग धुण्याने जात नाही, म्हणून तर धोबी पिढ्यान्‌पिढ्या याच रसाने कपड्यांवर खुणा करत आले. वरून चुना लावला की खूण पक्की काळी होते आणि कितीही भट्ट्या झाल्या तरी टिकते. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या अंगावर खाजरे, पाणी सुटणारे चट्टे उठू लागले. डॉक्टरांनी पाहिलं तर कपड्यावर जिथे धोब्याची खूण होती, नेमकं तिथेच अंगावर चट्टा होता. १९४३ साली त्याची नोंद अमेरिकेच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. धुऊन आलेल्या कपड्यावरची एवढीशी खूण धडधाकट जवानाला पुरली. तुमच्याकडे बारा दिवसांचं बाळ आहे आणि दुपटं त्याच्या गालाशी, मानेशी दिवसभर असतं.

सासूबाईंना दृष्टीची काळजी आहे ना, मग काजळाची तीट लावू द्या. दुपट्याच्या कोपऱ्यावर काजळाचीच फुली काढू द्या, हवं तर बाळाच्या तळपायाला टिकली लावू द्या. त्यांच्या हातून काहीतरी झालं याचं समाधान मोलाचं आहे, ते काढून घेऊ नका. डोळ्यांत काजळ मात्र नको. दाराला लिंबू-मिरचीसोबत बिब्बा बांधायचा असेल तर तो न फोडलेला, न टोचलेला, कुणाचा हात पोचणार नाही इतका उंच बांधा.

आता तुमचं. सुजून डोळा बंद झाला आहे म्हणजे घरच्या उपायांची वेळ गेली. आजच त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. ओळखीचं कुणी नसेल तर एम. वाय. रुग्णालयात जा. चेहरा आणि डोळा सुजला की बहुतेक वेळा नुसत्या मलमाने भागत नाही, काही दिवस पोटातून औषध घ्यावं लागतं आणि ते किती दिवस, कसं कमी करत आणायचं हे डॉक्टरच ठरवतील. शेजारणीने दिलेलं गोरं करणारं मलम किंवा औषधाच्या दुकानातून आपल्या मनाने आणलेली ट्यूब डोळ्याजवळ लावू नका. श्वास घ्यायला त्रास झाला, तोंड-घसा सुजला, लघवी कमी झाली किंवा गडद रंगाची झाली, तर सकाळची वाट पाहायची नाही, तडक रुग्णालय.

तुम्हाला झालंय ते भाजणं कमी आणि ॲलर्जी जास्त आहे. बिब्ब्याच्या कवचात दोन पदरांच्या मधोमध काळपट, चिकट तेल असतं. त्यातली द्रव्यं कातडीला लागली की थोड्याच मिनिटांत कातडीतल्या प्रथिनांना जाऊन चिकटतात आणि मग आपलंच शरीर त्या जागेला परकं समजून तिच्यावर तुटून पडतं. या सगळ्याला वेळ लागतो. आधी संपर्क आलेला असेल तर एक-दोन दिवस, पहिल्यांदाच आला असेल तर आठवडा-दोन आठवडेसुद्धा. म्हणून ‘त्या दिवशी काही झालं नाही’ या वाक्यावर बिब्ब्याच्या बाबतीत भरवसा ठेवू नये. फोडातल्या पाण्याने तो पसरतो असं घरोघरी मानतात, ते मात्र खरं नाही. त्या पाण्यात बिब्बा नसतो. पसरतो तो नखांत अडकलेल्या तेलामुळे, अडकित्त्यामुळे, पदराला लागलेल्या डागामुळे. तुमच्या डोळ्यावर तो तुमच्याच बोटांनी गेला असणार.

खोबरेलाबद्दल सासूबाई अगदी चुकीचं सांगत नाहीत. बिब्बा उतला की खोबरेल लावायचं, खोबरं खायचं, तीळ वाटून लावायचे, हे उपाय जुने आहेत आणि कोरड्या पडलेल्या, तडतडणाऱ्या कातडीला तेलाने बरं वाटतं. पण ताज्या बिब्ब्यावर तेल चोळलं तर तो आणखी पसरतो. आधी साबण आणि भरपूर वाहतं पाणी, तेही लागल्या लागल्या, तेल नंतर. खाजेसाठी गार पाण्याच्या पट्ट्या ठेवा. फुटलेल्या फोडावर हळद, चुना, टूथपेस्ट यांतलं काहीही नको.

तो अडकित्ता, फोडायला घेतलेला पाट किंवा बत्ता, त्या दिवशीची साडी आणि हात पुसलेलं फडकं या सगळ्यावर अजून तेल आहे असं समजा. ते वाळलं तरी निवत नाही. घरातल्या ज्या माणसाच्या हाताला जखम नाही त्याने जाड प्लास्टिकचे हातमोजे घालून कपडे धुण्याच्या साबणाने ते दोन-तीनदा घासावं. डॉक्टर वापरतात तसले पातळ रबरी मोजे पुरत नाहीत, हे तेल त्यांतून आत उतरतं. फडकं टाकून द्या. फोडलेली कवचं आणि उरलेले बिब्बे चुलीत, शेगडीत, होळीत कशातही जाळू नका. त्या धुराने चेहरा, डोळे आणि घसा धरतो. पिशवीत घट्ट बांधून कचरागाडीच्या घरगुती घातक कचऱ्याच्या कप्प्यात द्या आणि गाडीवरच्या माणसाला आत काय आहे ते सांगा. तो माणूस पिशवी उघड्या हाताने धरतो.

आणि एक. हे सगळं निस्तरेपर्यंत बाळाला मांडीवर घेण्याआधी हात साबणाने धुवा, नखं कापून टाका. लेकीलाही तेच सांगा, कारण तिचे हात छातीला आणि तिथून बाळाच्या तोंडाला लागतात.

लाडवांचा प्रश्न जरा सविस्तर सांगण्यासारखा आहे, कारण इथे सासूबाईंच्या बाजूनेही बरंच आहे.

बिब्ब्याचं झाड तुम्ही पाहिलंय का? आपल्या माळव्यातून दक्षिणेकडे उतरून सातपुड्यात शिरलं की बैतूल, छिंदवाडा, पचमढीच्या आणि पलीकडे मेळघाटच्या पानझडी जंगलात ते सहज भेटतं. मध्यम उंचीचं, राखट सालीचं, फांद्यांच्या टोकांना हातभर लांब जाडसर पानांचे झुबके. ऐन हिवाळ्यात त्याला फळं धरतात. देठाकडे केशरी, मांसल बोंड आणि त्याच्या टोकाला काळं, चकचकीत, बदामाच्या आकाराचं बी. काजूच्या झाडावर बोंड आणि बी असं दिसतं तसंच, कारण दोघं एकाच कुळातले. आंबा, चारोळी, पिस्ता, अंबाडासुद्धा याच घरचे. बिब्ब्याचं पिकलेलं बोंड जंगलातले लोक खातात, वाळवून ठेवतात. विदर्भात ती बिब्ब्याची फुलं म्हणून बाजारात येतात. बी फोडून आतला पांढरा गर निघतो ती गोडंबी. ती चवीला खरंच सुरेख लागते आणि विदर्भातल्या बाळंतिणीच्या लाडवांत तिला मान आहे. सासूबाईंना त्या चवीची आठवण येणं अगदी साहजिक आहे.

विष आहे ते कवचात, गरात नाही. पण फोडताना कवचाचं तेल गराला लागतंच. ज्या बायका हे काम वर्षानुवर्षं करतात त्या हाताला राख किंवा तेल लावून बसतात, गर राखेत घोळतात, साल सोलून टाकतात. सियागंजातून पाव किलो बिब्बे आणून स्वयंपाकघरात अडकित्त्याने फोडलेली गोडंबी आणि त्यांनी काढलेली गोडंबी यांत फार मोठा फरक आहे. म्हणून तुम्ही काढलेल्या गोडंबीचे लाडू टाकून द्या. डिंक, खारीक, तूप यांचा खर्च आठवून जीव हळहळेल, तरी टाका. बाळंतिणीचं तोंड आणि घसा सुजला तर अंगावरचं दूध, झोप, औषधं, सगळ्याचीच घडी विस्कटेल.

नवे लाडू करताना डिंक, अळीव, खारीक, खोबरं, बदाम घाला. गोडंबी नसेल तर लेकीच्या पोषणात काही कमी पडणार नाही. तिला काजू किंवा पिस्त्याने आजवर कधी ओठ सुजणं, अंगावर पित्त उठणं असं झालं असेल तर गोडंबीचा विचारच नको. नसेल आणि सासूबाईंचं मन फारच अडलं, तर विश्वासाच्या ठिकाणची, साफ केलेली, सालं काढलेली गोडंबी आणून तिचे चार लाडू वेगळे वळा आणि ते घरातल्या इतरांनी खावेत. तुम्ही मात्र नाही. तुमच्या शरीराने आता बिब्बा ओळखला आहे, पुढच्या वेळी ते लवकर आणि जास्त जोरात उसळेल. उन्हाळ्यात आंब्याच्या देठाचा चीक आणि साल यांपासूनही जपून राहा. आंबा दुसऱ्या कुणाकडून धुऊन, सोलून घ्या. गराने बहुतेकांना काही होत नाही. कच्चे, कवचातले काजू हाताळू नका.

दुधातून बिब्बा देण्याला माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. बी सुईने टोचून, दिव्यावर धरून, तेलाचा थेंब दुधात पाडायचा ही रीत मला ठाऊक आहे आणि ती का टिकली तेही ठाऊक आहे. खोकला, कफ, मूळव्याध, बाळंतपणानंतरचा अशक्तपणा, अशा पुष्कळ तक्रारींवर हे औषध दिलं जाई. मी आयुर्वेदाचीच वैद्य आहे, बिब्ब्याला मी कमी लेखणार नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात रसायन, म्हणजे शरीराला बळ देणाऱ्या औषधांच्या, प्रकरणात त्याचे दहा प्रकारचे कल्प, म्हणजे औषधं, सांगितले आहेत. त्याला अग्नीसारखा तीक्ष्ण म्हटलं आहे आणि नीट विधीने वापरला तर अमृतासारखा असंही म्हटलं आहे. घरोघरी यातलं अमृत तेवढं लक्षात राहिलं. विधी कुणी सांगत नाही, म्हणून तो मी सांगते.

फळं पूर्ण पिकलेली, पिकल्या जांभळासारखी काळी, कीड नसलेली हवीत. ती ज्येष्ठ-आषाढात गोळा करून जवाच्या किंवा उडदाच्या राशीत चार महिने पुरून ठेवायची. मग मार्गशीर्ष-पौषात, म्हणजे ऐन थंडीत, औषध सुरू करायचं. त्याआधी घेणाऱ्याचं शरीर गार, स्निग्ध, गोड आहाराने तयार करायचं. पिण्यापूर्वी तोंडाला आतून तूप माखायचं. काढा दुधाबरोबर, मात्रा एकेका फळाने चढवायची आणि तशीच उतरवायची, आणि एका मर्यादेच्या पुढे जायचंच नाही असं बजावून सांगितलं आहे. औषध संपल्यावरही जितके दिवस घेतलं त्याच्या दुप्पट दिवस दुधावर राहायचं. पुढच्या ग्रंथांनी शुद्धीची रीत घालून दिली: बोंडाकडचं टोक कापून टाकायचं, गोमूत्रात, मग दुधात भिजवायचं, विटेच्या भुकटीत घोळून तेल काढून टाकायचं, मग धुवायचं. आणि लहान मुलं, म्हातारी माणसं, गर्भवती, पित्ताच्या प्रकृतीची माणसं यांना तो द्यायचा नाही. उन्हाळ्यात तर कुणालाच नाही.

हा सगळा पसारा एका बीसाठी आहे, ताई. ज्यांनी हे लिहिलं त्यांना बिब्ब्याचा धाक होता. आपल्याकडे मात्र दिव्यावर सुई तापवली की झालं. सरकारनेही हा धाक मान्य केला आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या ई-१ परिशिष्टात आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांची यादी आहे; त्यात वत्सनाभ, कुचला, धोतरा यांच्या रांगेत बिब्बा बसवला आहे. म्हणून भल्लातक, म्हणजे बिब्बा, असलेल्या तयार औषधाच्या डबीवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते. कच्चा बिब्बा पोटात गेल्यावर मूत्रपिंडं निकामी झालेले रुग्णही वैद्यकीय साहित्यात नोंदलेले आहेत. बारा दिवसांची बाळंतीण, अंगावर पिणारं बाळ, आणि बाळंतिणीची आई आत्ताच फोडांनी हैराण झालेली. अशा घरात दुधातला बिब्बा कुठलाही शहाणा वैद्य देणार नाही. लेकीला कफ आहे का? ताप, अंगावरून जास्त जाणं, टाक्यांत दुखणं आहे का? काय होतंय ते तिच्या प्रसूतीच्या डॉक्टरांना सांगा. काहीच होत नसेल तर औषधाची गरज नाही. भूक लागेल तेव्हा गरम जेवण, वेळेवर पाणी आणि बाळ झोपलं की तिनेही झोपणं, एवढं पुरे आहे.

आता सासूबाईंचे गुडघे.

बिब्ब्याच्या ठिपक्यांनी त्यांना बरं वाटत असणार, यावर माझा विश्वास आहे. कातडीवर जोराची आग झाली की आतला ठणका काही काळ जाणवेनासा होतो. दुखऱ्या सांध्यावर तिखट लेप, डाग, गरम पोटीस देण्यामागे हेच आहे. बिब्ब्याच्या अर्काने सूज कमी होते असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे, तेही खरं. पण झिजलेला गुडघा ठिपक्यांनी भरून येत नाही. आणि वीस वर्षांच्या मधुमेहात पायाची जाणीव बोथट होते, जखम उशिरा भरते, जंतू लवकर धरतो. ठिपका कधी फोड झाला आणि फोड कधी चिघळला हे त्यांना कळणारही नाही. टाचेच्या भेगांत तापवलेला बिब्बा ओतायची रीत तर मधुमेह्यासाठी त्याहून धोक्याची आहे. ती त्या करत असतील तर आजपासून बंद करायला सांगा आणि त्यांचे तळवे, बोटांच्या बेचक्या रोज रात्री स्वतः बघत जा.

‘आम्हाला काही झालं नाही’ हे त्या खोटं सांगत नाहीत. बिब्बा सगळ्यांना उततो असं नाही, काहींना जन्मभर काही होत नाही. पण त्यांच्या कातडीचा अनुभव तुमच्या कातडीला लागू पडला नाही, हे त्या आज डोळ्यांनी बघत आहेत. वाद घालू नका. त्यांच्याजवळ बसून तुमचा सुजलेला डोळा दाखवा आणि म्हणा, ‘आई, माझं हे झालं, बाळाचं झालं तर मला सहन व्हायचं नाही.’ आणि म्हाताऱ्या माणसाला बिब्बा द्यायचा नाही असं शास्त्रानेच सांगितलंय, हेही सांगा. माझ्या दवाखान्यात मी पाहते, डॉक्टर नको म्हणाले की जुनी माणसं मान हलवतात आणि घरी जाऊन आपलंच करतात. शास्त्रात नको म्हटलंय, असं कळलं की मात्र थांबतात.

त्यांना बिब्ब्याच्या जागी दुसरं काही हातात द्यायला हवं. तिळाचं तेल कोमट करून संध्याकाळी गुडघ्यांना हलक्या हाताने लावा. ते काम लेकीने किंवा जावयाने केलं तर त्या आणखी खूश होतील. शेक द्यायचा असेल तर कपड्यात गुंडाळलेल्या पिशवीचा, आधी तुमच्या मनगटावर तपासून. पायाला गरम कमी लागतं म्हणून त्या जास्त तापवायला सांगतील, तिथे ऐकू नका. निर्गुडीचा पाला वाफवून बांधायची त्यांना सवय असेल तर तेही चालेल, तो जास्त गरम नसला म्हणजे झालं. खुर्चीवर बसून पाय सरळ उचलून धरायचा, पाच मोजायचे, खाली ठेवायचा, असं मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या. झिजलेल्या गुडघ्याला मालिशीपेक्षा त्यांनी जास्त आराम पडतो. पाटावर बसून स्वयंपाक, उकिडवं बसणं बंद. न्हाणीघरात धरायला दांडा लावून घ्या. हाडांच्या डॉक्टरांकडे एकदा जाऊन या, आणि जाताना साखरेचे व मूत्रपिंडाचे अलीकडचे रिपोर्ट सोबत न्या, कारण दुखण्यावरच्या पुष्कळ गोळ्या मूत्रपिंडाला जड जातात आणि रोज मनाने घेण्यासारख्या नसतात.

त्यांना आयुर्वेदिकच औषध हवं असेल तर तेही होईल. वैद्यांना मधुमेहाच्या सगळ्या गोळ्यांची नावं दाखवा, तुम्हाला बिब्बा उतल्याचं सांगा आणि दिलेल्या औषधात भल्लातक आहे का ते आधी विचारून घ्या.